अर्धवट सॉफ्टवेअर कुठे ठेवायचं: गिटहब, केडीई, डेबियन की एयूआर?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे शेताचा उतारा येतो तो कन्नडमध्ये, आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. म्हणून कन्नड मजकूर देवनागरीत दाखवणारा छोटा डेस्कटॉप प्रोग्राम इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी जरूर करावा. सुरुवात सोपी आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, दोन्ही लिप्या एकाच क्रमाने लावल्यात. कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की बहुतेक वेळा बरोबर देवनागरी अक्षर मिळतं. पण शहराचं कन्नड नाव घातलं की ‘बॆळगावि’ बाहेर पडतं, कारण कन्नडमध्ये ऱ्हस्व ए वेगळा आहे आणि त्याची मात्रा मराठीत चालत नाही. खरं काम इथून पुढे. तेवढ्यात तोंडी परीक्षा होते आणि कोड लॅपटॉपवर पडून राहतो.

तो बाहेर ठेवायचा तर गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरचं स्वतःचं खातं सगळ्यात सोपं. कुणाची परवानगी लागत नाही. मात्र परवान्याची फाइल टाकली नाही, तर कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि दुसऱ्याला तो कोड रीतसर वापरता येत नाही. शिवाय कोड बदलायची किल्ली एकट्या तुमच्याकडे.

केडीई या लिनक्ससाठी डेस्कटॉप आणि प्रोग्राम बनवणाऱ्या समूहाचं वेगळं आहे. तिथे अपुऱ्या प्रकल्पांसाठी पूर्वी ‘प्लेग्राउंड’ नावाचा सामायिक विभागच होता. २०२० पासून सगळं त्यांच्या स्वतःच्या गिटलॅबवर (गिटहबसारखीच व्यवस्था) आहे, पण रीत तीच: आधी खेळा, मग किमान दोन आठवड्यांची खुली तपासणी, मग प्रकाशन. डेव्हलपर खातं मिळालेल्याला जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात थेट बदल करता येतो. म्हणजे तुम्ही थांबलात तरी दुसरा कुणी काम उचलू शकतो. मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. अट एवढीच की प्रोग्राम क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचात लिहिलेला असला तर तिथे रुळतो. जीटीके हा दुसरा संच वापरला असेल तर ग्नोम या केडीईसारख्याच समूहाकडे बघा.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ‘एक्सपेरिमेंटल’ विभागाच्या नावाने फसू नका. तिथे नवं पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार बांधलेला प्रोग्राम) न्यायला अधिकृत डेव्हलपरची साथ लागते आणि परवान्यांची कसून तपासणी होते. अपुरी कल्पना ठेवायची ती जागा नव्हे. ती तयार पॅकेजची धोक्याची आवृत्ती पारखायची जागा आहे. तिथलं काही आपोआप इन्स्टॉल होत नाही, मुद्दाम मागावं लागतं, हे चांगलं.

एयूआरवर, म्हणजे आर्च लिनक्स वापरणाऱ्यांच्या सामायिक साठ्यावर, खातं काढून कुणीही पॅकेज टाकतं, पण तिथे असते ती फक्त बांधणीची कृती. मूळ कोडला घर दुसरीकडे लागतंच. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या नावाने घुसवलेली काही घातक पॅकेजेस तिथून काढावी लागली, तेव्हा वापरणाऱ्याने आधी पीकेजीबिल्ड ही बांधणीच्या कृतीची फाइल वाचलीच पाहिजे.

माझं मत: प्रोग्राम पहिल्यांदा चालेपर्यंत गिटहब, पण जीपीएल किंवा एमआयटी यांपैकी एक खुला परवाना पहिल्याच दिवशी. एक उतारा अथपासून इतिपर्यंत वाचता आला की केडीईकडे विचारणा करा. डेबियन आणि एयूआरकडे मात्र प्रोग्राम वापरणारे लोक मिळाल्यावर जा. काय चालत नाही ते वाचा-फाइलमध्ये उदाहरणांसह लिहा, आणि नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला जाण्याआधी मागच्या वर्गातल्या दोघांना बदलाचे अधिकार देऊन जा.