रुग्णालयातला नोआर: 'द स्लीपिंग सिटी' बघावा की 'ग्रीन फॉर डेंजर'?

रुग्णालयात घडणारा जुना नोआर (गडद छायाप्रकाशातला, उदास सुराचा गुन्हेपट) बघायचाय आणि हाताशी एकच संध्याकाळ आहे, तर माझं मत आधीच सांगते: चित्रपट म्हणून 'ग्रीन फॉर डेंजर' (१९४६) सरस आहे, पण खरा नोआर हवा असेल तर 'द स्लीपिंग सिटी' (१९५०) लावा.

दिग्दर्शक जॉर्ज शर्मनचा 'द स्लीपिंग सिटी' न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात चित्रित झाला. सुरुवातीलाच नायक रिचर्ड कॉन्टे प्रेक्षकांना सांगतो की ही कथा बेलव्ह्यूची नाही. बदनामी होईल म्हणून शहराच्या महापौरांनी हरकत घेतली होती, त्यामुळे हा खुलासा जोडावा लागला. आणि लगेच पुढे ड्यूटीने पिळून निघालेला एक इंटर्न बाहेर नदीकाठी येतो, सिगारेट पेटवतो आणि गोळी खाऊन पडतो. खुनाचा छडा लावायला कॉन्टे इंटर्न बनून आत शिरतो.

मला हा चित्रपट आवडतो तो त्या इंटर्नांसाठी. अपुरी झोप, खिशात दमडी नाही, आणि रेसवर पैसे लावायची सोय आवारातच. माणूस कर्जात कसा रुततो आणि औषधांच्या कपाटापर्यंत कसा पोचतो, हे चित्रपट घाई न करता दाखवतो. खऱ्या वॉर्डांतल्या आणि जिन्यांवरच्या चित्रीकरणामुळे ते पटतंही. लिफ्टवाल्या पॉपच्या भूमिकेतला रिचर्ड टेबर तर विसरताच येत नाही. उणीव एकच: मधला भाग रेंगाळतो.

दिग्दर्शक सिडनी गिलिएटचा 'ग्रीन फॉर डेंजर' ऑगस्ट १९४४ मधल्या इंग्लंडात घडतो. डोक्यावरून जर्मनांचे उडते बॉम्ब जातायत. इंजिनाची घरघर थांबली की सगळे जागच्या जागी थिजतात, कारण आता तो खाली येणार. बॉम्बहल्ल्यात जखमी झालेला पोस्टमन शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावतो. त्याआधी निवेदकाच्या आवाजात कॅमेरा टेबलाभोवतीच्या मास्क लावलेल्या चेहऱ्यांवरून फिरतो. चेहरा अर्धा झाकलेला, दिसतात फक्त डोळे, आणि आपण तिथूनच प्रत्येकावर संशय घ्यायला लागतो. पुढे ॲलिस्टर सिमचा इन्स्पेक्टर कॉकरिल येतो आणि चित्रपट खिशात घालतो. पण तो आल्यावर सूर खेळकर होतो. छायाप्रकाश नोआरचा असला तरी गाभा 'खुनी कोण' या कोड्याचाच राहतो. घरच्यांसोबत बघायला त्यामुळेच हा उत्तम. मात्र आधी त्याच्याबद्दल काही वाचू नका. खुनाची युक्ती शीर्षकाशीच जोडलेली आहे आणि कुणीतरी ती फोडतंच.

तासा-सव्वातासाचाच वेळ असेल तर अभिनेता व्हिन्सेंट प्राइसचा 'शॉक' (१९४६) आहे. डॉक्टरला खून करताना पाहून धक्क्याने बधिर झालेली बाई उपचारासाठी त्याच डॉक्टरच्या हाती लागते. कल्पना जबरदस्त, मांडणी बेताची. वर सांगितलेल्या दोहोंपैकी एक तरी बघून झाल्यावरच त्याकडे वळा.