फुंकायच्या नळ्या: पोटफुगीसाठीच्या श्वास चाचणीचा आढावा

महिनोन्‌महिने पोटात गुबारा धरतो, जेवणानंतर तासाभरात पोट ढोलासारखं ताणतं, कधी जुलाब तर कधी चार-चार दिवस कोठा जड. रक्ताचे नेहमीचे अहवाल ठीक, सोनोग्राफीत काही नाही. या टप्प्यावर कुणीतरी हायड्रोजन श्वास चाचणी सुचवतंच. आता ती दवाखान्यातल्या यंत्रावर होते, तशी घरी किट मागवूनही करता येते. निवाडा आधीच सांगून टाकतो. दुधातली साखर पचते का, या प्रश्नाला ही चाचणी चांगली. लहान आतड्यात जिवाणू माजलेत का, याला जेमतेम. आणि ‘मला नक्की झालंय तरी काय’ याला तिच्याकडे उत्तरच नाही.

तत्त्व साधं आहे. माणसाच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. न पचलेली साखर आतड्यातले जिवाणू आंबवतात तेव्हा तो तयार होतो, रक्तात मिसळतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. म्हणून ठरावीक साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि दर १५-२० मिनिटांनी श्वास तपासायचा. आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे येतात.

घरच्या किटमध्ये साधारणपणे हवा काढून घेतलेल्या आठ-दहा काचेच्या नळ्या, पिशवी लावलेला फुंकणीसारखा तुकडा, चिकटपट्ट्या आणि वेळ लिहायचा तक्ता असतो. फुंकणीच्या बाजूला एक खोबण असते आणि तिच्या आत सुई लपलेली असते. बोट आत घालू नये. नेहमीचा श्वास घ्यायचा, क्षणभर रोखायचा आणि सावकाश फुंकायचं. आधी पिशवी फुगते. तोंडातली आणि श्वासनलिकेतली बिनकामाची हवा तिथे जाते. पिशवी भरल्यावरही फुंकत राहायचं आणि फुंकर चालू असतानाच नळी खोबणीत दाबायची, एक-दोन सेकंदांत काढायची, मगच थांबायचं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फुंकणं थांबल्यावर नळी दाबली तर तिच्यात खोलीतली हवा शिरते. एकच नळी दोनदा दाबली तर पहिला नमुना बिघडतो, कारण निर्वात एकदाच असतो.

चांगली प्रयोगशाळा ही चूक पकडते. फुप्फुसाच्या तळातून आलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ५ टक्के असतो, खोलीच्या हवेत ०.०४ टक्के. प्रत्येक नळीतला हा आकडा मोजला की कोणता नमुना पातळ झालाय ते कळतं आणि बाकीचे आकडे दुरुस्त करता येतात. किट मागवण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: कार्बन डायऑक्साइड मोजता का, आणि मिथेन मोजता का. दोन्हीला ‘हो’ नसेल तर ते किट घेऊ नका.

मिथेनचं एवढं महत्त्व का? काहींच्या आतड्यात असे सूक्ष्मजीव असतात, जे हायड्रोजन खाऊन मिथेन सोडतात. मिथेनच्या एका रेणूसाठी हायड्रोजनचे चार रेणू खर्ची पडतात. त्यामुळे आत भरपूर आंबणं चालू असूनही हायड्रोजनची रेघ सपाट दिसते आणि अहवालावर ‘नॉर्मल’ छापून येतं. बद्धकोष्ठ असलेल्यांमध्ये मिथेन जास्त आढळतो, म्हणजे ज्यांची चाचणी फसण्याची शक्यता अधिक, तेच तिच्याकडे आशेने येतात.

पूर्वतयारीबाबत किटमधली चिठ्ठी बहुधा फारच त्रोटक असते. अँटिबायोटिकचा शेवटचा डोस घेऊन किमान ४ आठवडे झालेले हवेत. रेचकं आणि आतड्याची हालचाल वाढवणारी औषधं आठवडाभर आधी थांबवतात, मात्र डॉक्टरांना विचारून. नुकतीच कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली असेल तर काही आठवडे थांबावं, कारण त्या तयारीत आतडं धुऊन निघालेलं असतं. आदल्या दिवशी जे आंबतं ते बंद: डाळी-कडधान्यं, कांदा-लसूण, फळं, दूध, कोंड्यासकट धान्य, तंतूंची पूड. पांढरा भात, अंडी, साधं मांस किंवा मासे चालतात. ज्यांचा कोठा चार दिवस हलत नाही, त्यांना एक दिवस पुरत नाही. दोन दिवस पथ्य पाळावं, नाहीतर उपाशीपोटीचा पहिलाच आकडा चढा येतो आणि चाचणी तिथेच बाद होते. त्यानंतर ८ ते १२ तास उपास, फक्त पाणी.

चाचणीच्या दिवशी सिगारेट नाही, च्युइंगगम नाही, व्यायाम नाही आणि डुलकीही नाही. धुरात स्वतःचाच हायड्रोजन असतो. जोराने श्वास घेतल्याने आकडा खाली जातो आणि झोपेत वर. साखर पिण्याआधी जंतुनाशक द्रावणाने चूळ भरावी. तोंडातले जिवाणूही साखर आंबवतात, आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उठून लगेच बसणारं टोक बहुतेक वेळा त्यांचंच असतं.

आता साखर कुठली, हा खरा मुद्दा. लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची, चाचणी २५ ग्रॅमवर होते, म्हणजे साधारण अर्धा लिटर दुधातली साखर. तीन तासांत हायड्रोजन पहिल्या आकड्यापेक्षा २० पीपीएम किंवा जास्त चढला तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. पण सोबत पोट फुगलं, कळ आली, जुलाब झाला का, हेही त्याच तक्त्यात वेळेसकट लिहायला हवं. आकडा चढला आणि त्रास शून्य, असं झालं तर साखर पचत नाही हे खरं, तरी आजाराचं खापर दुधावर फोडता येणार नाही. हा फरक न कळल्याने कित्येकजण विनाकारण दूध सोडतात. या वापरासाठी पाचपैकी चार गुण.

लहान आतड्यात जिवाणू माजलेत का हे तपासायला ७५ ग्रॅम ग्लुकोज किंवा १० ग्रॅम लॅक्ट्युलोज (एक कृत्रिम साखर) देतात. उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०१७ च्या सहमतीनुसार ९० मिनिटांच्या आत हायड्रोजनची २० पीपीएम वाढ, किंवा केव्हाही मिथेन १० पीपीएम वा अधिक, हा निकष. ग्लुकोज लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, त्यामुळे शेवटच्या भागातली वाढ निसटते. पण ‘आहे’ म्हणालं तर ऐकण्यासारखं असतं. तीन गुण. लॅक्ट्युलोज कुणालाच पचत नाही. ते प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथे आंबतंच. प्रश्न फक्त वेळेचा, आणि जुलाबाची प्रकृती असलेल्यांत ते ९० मिनिटांच्या आतच तिथे पोचू शकतं. मग मोठ्या आतड्याचा अगदी स्वाभाविक वायू ‘जिवाणूंची वाढ’ म्हणून नोंदला जातो, आणि अँटिबायोटिक सुरू होतं. घरी येणाऱ्या किटमध्ये लॅक्ट्युलोज सर्रास दिसतं. दोन गुण, तेही हात आखडता घेऊनच.

आतड्यावर शस्त्रक्रिया झालेली, आतडी चिकटलेली किंवा जुन्या मधुमेहाने त्यांची हालचाल मंदावलेली असेल, अशांमध्ये ही चाचणी विचारण्याजोगी. मधुमेह असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज स्वतःच्या मनाने पिऊ नये. फ्रुक्टोज (फळांतली साखर) न सोसण्याचा जन्मजात, आनुवंशिक दोष असलेल्यांना फ्रुक्टोजची चाचणी धोक्याची. त्यांनी ती करूच नये.

फुंकण्याआधी मात्र काही गोष्टी उरकलेल्या हव्यात. एक, सीलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार, त्यासाठी रक्तातली टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची तपासणी आणि सोबत एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार). काहींमध्ये आयजीए मुळातच कमी असतं, मग टीटीजी खोटंच नॉर्मल येतं. ही तपासणी गहू बंद करण्याआधी करायची. आधी पथ्य आणि मग तपासणी, हा उलटा क्रम फार दिसतो. मग पुन्हा सहा आठवडे रोज गहू खाऊन तपासणी करायची पाळी येते. दोन, शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याला सूज असली की वाढणारं प्रथिन. प्रति ग्रॅम ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर दुर्बिणीने बघायला हवं, मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आणि साध्या जंतुसंसर्गानेही हा आकडा चढतो, तेव्हा तेवढं सांभाळून नमुना द्यावा. शौचावाटे रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर नळ्यांच्या नादी न लागता सरळ पोटविकारतज्ज्ञाकडे जावं.

बोटातून रक्ताचा थेंब घेऊन शंभर-दोनशे पदार्थांची ‘न सोसणारी’ यादी देणारी आयजीजी (प्रतिपिंडांचा आणखी एक प्रकार) चाचणी अनेकदा याच किटला जोडून विकतात. तिला शून्य गुण. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, याचीच खूण. युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच आयजीजी४ (आयजीजीचा उपप्रकार) चाचणी या कामासाठी करू नये असं लेखी सांगितलंय. यादी घरी आली की माणूस नेमकं रोजचंच खाणं सोडतो, वजन उतरतं, आणि तपासणाऱ्यापुढे आणखी एक कोडं उभं राहतं.

शेवटी अहवाल हातात घेताना ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर भागवू नका. प्रत्येक नळीची मिनिटं, हायड्रोजन, मिथेन, कार्बन डायऑक्साइड, दिलेली साखर आणि तिचे ग्रॅम असा पूर्ण तक्ता मागून घ्या. पहिला आकडा किती होता आणि चढ नेमका कितव्या मिनिटाला सुरू झाला, हे दिसल्याशिवाय त्या कागदावरून औषध ठरवता येत नाही.