कूल फार्म टूल : कांद्याच्या कार्बन हिशेबाला कितपत उपयोगी?

खरेदीदार मालाचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे तो पिकवताना किती हरितगृह वायू हवेत गेले ते, विचारू लागला, की शेतकरी उत्पादक कंपनीने आधी कूल फार्म टूल हे ऑनलाइन साधन पाहावं. ॲबर्डीन विद्यापीठ, युनिलिव्हर आणि सस्टेनेबल फूड लॅब यांनी ते मिळून तयार केलं. आता ते कूल फार्म अलायन्स ही संस्था चालवते. शेतकऱ्याला मूळ वापर मोफत आहे. क्षेत्र, उत्पादन, माती, खतं, फवारण्या, डिझेल, वीज भरली की हेक्टरी आणि टनामागे किती उत्सर्जन झालं ते कळतं, तेही कोणत्या कामातून किती असं सुटं करून. ही फोड फार मोलाची आहे.

चुका होतात त्या आकडे भरतानाच. मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब असतो, इथे सेंद्रिय पदार्थ विचारतात. कर्बाला 1.724 ने गुणायचं, 0.5 टक्के कर्ब म्हणजे सुमारे 0.86 टक्के सेंद्रिय पदार्थ. क्षेत्र एकरात असेल तर 2.47 ने भागून हेक्टर करा.

खताच्या रकान्यात सर्वांत जपून. आकडा खताच्या वजनाचा की नत्राचा, ते आधी निवडावं लागतं. युरियाची गोणी 45 किलोची, त्यात नत्र 20.7 किलो. 45 हा आकडा नत्र म्हणून भरला तर नत्र दुपटीहून जास्त धरलं जातं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीचा ढोबळ गुणांक (दिलेल्या नत्रापैकी 1 टक्का नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूच्या रूपात उडतो) लावला तरी एका गोणीमागे शेतातून निघणारा हा वायू तापमानवाढीच्या हिशेबात सुमारे 89 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. युरिया विघटित होताना आणखी 33 किलो. म्हणजे जवळजवळ 45 लिटर डिझेल जाळल्यासारखं, आणि यात खत कारखान्यातलं उत्सर्जन धरलेलंच नाही. ट्रॅक्टरच्या फेऱ्या कमी करण्याआधी माती परीक्षणानुसार नत्र कमी करा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

विजेचं बिल अश्वशक्तीवर येत असेल तर युनिट काढावे लागतात. 5 एचपीची मोटर 80 टक्के कार्यक्षमतेने पूर्ण भारावर चालली तर तासाला सुमारे 4.7 युनिट; त्याला हंगामातल्या तासांनी गुणा. मोटर किती तास चालली याची वही नसेल तर हा रकाना निव्वळ अंदाज ठरतो.

उन्हाळ कांद्याचा खरा पेच चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये आहे. काढलेला माल आणि विक्रीयोग्य माल हे दोन आकडे वेगळे भरायचे असतात. 100 क्विंटल चाळीत भरून सड, कोंब आणि वजनघट जाऊन 70 विकला गेला, तर शेतातलं उत्सर्जन तेवढंच राहून टनामागचा आकडा 43 टक्क्यांनी वाढतो. इथे काढणीचंच वजन दोन्हीकडे लिहिलं की फूटप्रिंट खोटा छान दिसतो. खाली हवा खेळती असलेली चाळ आणि नीट सुकवलेला, मान मिटलेला कांदा यांचा फायदा मग कागदावर दिसतच नाही.

पाण्यासाठी वेगळा विभाग आहे, पण विहिरीची पातळी दरवर्षी किती खाली जाते हे त्यातून कळत नाही. त्याची नोंद मार्च ते मे दरम्यान स्वतंत्रपणे ठेवावी.

दोन गावांच्या कांद्याची स्पर्धा लावायला हे साधन वापरू नये. माती आणि नोंदींची अचूकता वेगळी असते. एकाच प्लॉटची दोन-तीन वर्षं तुलना करा. साधनाची आवृत्ती बदलली असेल तर जुने हंगामही नव्या आवृत्तीत पुन्हा भरा.