बिलात नव्या क्लचप्लेटा, इंजिनात जुन्याच

माझ्या मोटारसायकलचा क्लच लिव्हर पोकळ लागायला लागला. पूर्ण दाबून धरला तरी पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे सरकायची, आणि थांबल्यावर न्यूट्रल काही केल्या लागेना. गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि म्हणाला, "क्लचप्लेटा संपल्यात, सेट बदलावा लागेल. सोबत क्लचची हवाही काढून देतो." मी हो म्हटलं.

तिथेच थांबायला हवं होतं. प्लेटा झिजल्या की क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही. माझं दुखणं नेमकं उलटं होतं, क्लच सुटतच नव्हता. माझ्या गाडीसारख्या हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये लिव्हर पोकळ लागला आणि क्लच सुटेना, तर पहिला संशय हवेचा किंवा गळतीचा घ्यायचा. ऑइल दाबून आकसत नाही, हवा आकसते. लिव्हरचा जोर त्या हवेत जिरतो आणि खाली इंजिनाजवळ क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन पुरेसा सरकत नाही. वाकलेल्या प्लेटांमुळेही क्लच नीट सुटत नाही हे खरं, पण त्याने लिव्हर पोकळ होत नाही. आणखी एक खूण आहे. ब्रेकचे पॅड झिजले की हँडलवरच्या डबीतलं ऑइल खाली जातं, पण बहुतेक हायड्रॉलिक क्लचमध्ये प्लेटा झिजल्या की ते उलट थोडं वर चढतं, कारण पिस्टन मागे ढकलला जातो. माझ्या डबीत ऑइल खालच्या रेषेच्याही खाली होतं. ते गळत होतं, आणि त्या माणसाने ते पाहिलं नसेल हे मला पटत नाही.

गाडी परत मिळाली तेव्हा लिव्हर बरा होता. बिलात प्लेटा, गॅस्केट, ऑइल, मजुरी असं सगळं होतं. जुन्या प्लेटांची पिशवीही त्याने आपणहून हातात दिली. नवव्या दिवशी पुन्हा तेच सुरू झालं.

मग मी स्वतः डबीचं झाकण उघडलं. आत काळपट तपकिरी ऑइल. नवं डॉट ४, म्हणजे ब्रेक-क्लचमध्ये घालतात ते ऑइल, फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असतं. हवा काढायच्या ब्लीड निपलवर चेनच्या घाणीचा वाळलेला थर जसाच्या तसा होता, पाना लागल्याची खूण नाही. क्लच कव्हरच्या बोल्टांमध्ये माती घट्ट बसलेली. ते कव्हर काढल्याशिवाय माझ्या गाडीच्या प्लेटांना हातसुद्धा लागत नाही. शेवटी पिशवी उघडली. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे माझ्या इंजिनात ८ फ्रिक्शन प्लेटा असतात, पिशवीत ६ होत्या. कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीच्या! वरून थोडं ऑइल ओतायचं आणि लिव्हर पंप करायचा, एवढंच काम झालं असणार.

खरा दोष स्लेव्ह सिलिंडरच्या सीलमध्ये निघाला. तो पुढच्या स्प्रॉकेटजवळ असल्याने गळणारं ऑइल चेनच्या चिखलात मुरत होतं, जमिनीवर थेंब पडत नव्हता. सील बदलून हवा मीच काढली. हँडल असं वळवायचं की डबी सगळ्यात उंच राहील, निपलला पारदर्शक नळी लावायची, लिव्हर सावकाश दोन-तीनदा दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करायचं, बुडबुडे आले की घट्ट करायचं आणि मगच लिव्हर सोडायचा. डबी मध्येच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो. आणि झाकणावर काय लिहिलंय ते आधी वाचा: काही गाड्यांच्या क्लचमध्ये मिनरल ऑइल असतं, त्यात डॉट ४ घातलं तर सीलं खराब होतात. डॉट ४ हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही.

पिशवी घेऊन गॅरेजवर गेलो तेव्हा "पोराने चुकून दुसरी दिली" असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, आत्ता माझ्यासमोर कव्हर उघडा. त्याने उघडलं नाही आणि पैसेही दिले नाहीत. आता गाडी कुठेही देण्याआधी मी निपलवर आणि कव्हरच्या दोन बोल्टांवर रंगाची बारीक रेघ ओढतो आणि डबीतल्या ऑइलचा फोटो काढून ठेवतो.