वेंगुर्ल्यात बसून जर्मनीतल्या कंत्राटदारांना काम आणि पैसे : वर्षभरानंतरचा अनुभव

वेंगुर्ल्याजवळ आमचं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. साधे काजूगर, मसाला काजू, आमसुलं आणि कोकमाचं आगळ एवढाच माल. जर्मनीतला एक आयातदार आमचा माल घेऊ लागला, तेव्हा तिथल्या भाषेत लेबल, माहितीपत्रक आणि गिऱ्हाइकांच्या ईमेलना उत्तरं देणारं कुणीतरी हवं झालं. मुंबई-पुण्यातल्या एजन्सींचे दर विचारले, पण जर्मनीतल्या दुकानात उभं राहून आपलं पाकीट पाहणारं माणूस एकीकडेही नव्हतं. मग थेट तिथल्याच दोन स्वतंत्र व्यावसायिकांना काम द्यायचं ठरवलं. एक बाई भाषांतर आणि लेबलांचं पाहतात, एक गृहस्थ दुकानं आणि प्रदर्शनं फिरतात. वर्ष होत आलं. हा मार्ग आम्ही पुढेही चालू ठेवणार आहोत, आणि कोकणातल्या ज्या प्रक्रियादारांचा माल नियमित बाहेर जातो त्यांनी तो जरूर धरावा असं माझं ठाम मत आहे. मात्र पहिलं बिल यायच्या आधी कागद पूर्ण हवेत. सगळी गंमत आणि सगळा मनस्ताप त्या क्रमातच आहे.

आधी कामाबद्दल, कारण पैसे त्यासाठीच मोजतो. मसाला काजूच्या लेबलाचा मसुदा छपाईला जाण्याआधी बाईंकडे गेला. परत आला तेव्हा घटकांच्या यादीत 'काजू' हा शब्द ठळक केलेला होता आणि शेजारी प्रश्न होता : मसाल्यात मोहरी आहे का? आहे. मग तीही ठळक हवी. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमावलीत अॅलर्जी करणाऱ्या १४ घटकांची यादी आहे, त्यात काजूसारखे कवचाचे मेवे येतात, तीळ येतात आणि मोहरीही येते. हे घटक बाकीच्यांपेक्षा वेगळे उठून दिसले पाहिजेत. शिवाय उत्पादक संघाबाहेरचा असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता पाकिटावर लागतो, आणि माहिती ज्या देशात माल विकायचा तिथल्या ग्राहकाला कळेल अशा भाषेत लागते. बाईंनी पत्त्याची जागा, अक्षरांची उंची, पोषणमूल्यांचा तक्ता हे सगळं एका पानावर लिहून दिलं. तो कागद आता पॅकिंग विभागात भिंतीवर चिकटवलेला आहे आणि आमच्या मुली नवीन पाकीट आलं की त्यावरून ताडून बघतात. नुसत्या भाषांतराच्या दरात हे कुणी देत नाही.

आता पैशांचं. सुरुवातीची किरकोळ कामं आम्ही एका फ्रीलान्स साइटवरून दिली. तिथे पैसे आधी साइटकडे जमा होतात आणि काम मान्य केल्यावर समोरच्याला मिळतात, त्यामुळे अनोळखी माणसाबरोबर पहिला व्यवहार करायला ती सोय खरोखर चांगली. कार्डवर परदेशी व्यवहार आपणच सुरू करावे लागतात, कारण २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं. पण नियमित कामाला हा रस्ता आम्हाला परवडला नाही. साइटचं शुल्क आणि कार्डाचा चलन-फरक हे दोन्ही आहेच, पण मुख्य अडचण टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारला भरायच्या कराची. कार्डावरून पूर्ण रक्कम जाते, त्यातून कर कापायला जागाच नसते, आणि कापायची जबाबदारी तर आपल्यावरच राहते. मग तो कर स्वतःच्या खिशातून भरायचा. तो भरताना रकमेवर सरळ टक्के लावून चालत नाही, रक्कम आधी वाढवून घ्यावी लागते. समजा ९०० युरो हातात द्यायचे आहेत आणि दर १० टक्के आहे, तर मूळ रक्कम १००० धरून १०० युरोचा कर भरायचा. म्हणून ओळख झाल्यावर आम्ही करार केला आणि बँकेतून पैसे पाठवू लागलो.

इथे एक सांगते. माझा अनुभव २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे व फॉर्मांचे क्रमांक बदलले. खाली मी दिलेले क्रमांक जुन्या, १९६१ च्या कायद्याचे आहेत. नवे क्रमांक आपल्या सीएकडून घ्यावेत.

परदेशी व्यक्तीला भारतात करपात्र ठरणारी रक्कम देताना कलम १९५ नुसार टीडीएस कापायचा असतो. तांत्रिक सेवांच्या शुल्कावर देशी कायद्यातला दर १ एप्रिल २०२३ पासून २० टक्के झाला, त्यावर उपकर वेगळा. भारत-जर्मनी दुहेरी कर टाळण्याच्या करारात हाच दर जास्तीत जास्त १० टक्के आहे. फरक दुपटीहून अधिक, पण तो मिळवायला समोरच्याकडून दोन कागद लागतात : जर्मनीत करदाता असल्याचा तिथल्या कर कार्यालयाचा दाखला, आणि आपल्या आयकर पोर्टलवर भरलेला फॉर्म १०एफ. पॅन नसलेल्या परदेशी व्यक्तीला त्या पोर्टलवर नोंदणी करायची वेगळी सोय आहे. बाईंना तिथला दाखला मिळायला काही आठवडे गेले, आणि तोवर आम्ही मोठं काम दिलंच नाही. माझा सल्ला हाच : करारावर सही झाली त्या दिवशीच दाखल्याचा अर्ज करायला सांगा.

एखादी व्यक्ती स्वतंत्रपणे, आपल्याच देशात बसून काम करत असेल तर दोन देशांमधल्या त्याच कर करारातल्या वेगळ्या कलमाखाली भारतात करच लागत नाही, असंही मत काही सीए देतात. आमच्या सीएने दोन्ही बाजू पाहून १० टक्के कापायचं लेखी मत दिलं. तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं, पण मत लेखी घ्या आणि कंत्राटदाराला पहिल्या बिलाआधी दाखवा. कापलेला कर त्यांना तिकडे वजावट म्हणून मागायचा असतो, म्हणून ते आधीच आपल्या कर सल्लागाराला विचारून घेतात. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, तिमाहीला २७क्यू हे टीडीएसचं विवरणपत्र भरायचं आणि कर कापल्याचा १६ए हा दाखला त्यांना पाठवायचा. रुपयांत हिशेब करताना स्टेट बँकेचा टीटी बायिंग दर (परकीय चलन विकत घेण्याचा तिचा दर) धरतात. कर कापलाच नाही तर तो अख्खा खर्च आपल्या उत्पन्नातून वजा मिळत नाही, हे छोट्या युनिटला फार महागात पडतं.

बँकेबद्दल मोकळेपणाने लिहिते, नाव घेत नाही. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचा व्यवहार होत नाही. कागद तिथे द्यायचे, ते मोठ्या शहरातल्या फॉरेक्स विभागात जातात, तिथून शंका येतात, आणि त्या शंका शाखेतून आपल्याला कळतात. ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज), बिल, करार आणि १५सीए (त्या रकमेवरच्या कराबद्दल आयकर पोर्टलवर आपण द्यायची माहिती) ची पोच एवढं दिल्यावरही काउंटरवरून उत्तर आलं, "ताई, सीएचं सर्टिफिकेट नाहीय, वरून परत येईल." आमची वर्षभरातली रक्कम ५ लाखांच्या आत होती. तेवढ्या करपात्र रकमेला १५सीए चा भाग 'ए' पुरतो, १५सीबी हे सीएचं प्रमाणपत्र त्यावरच्या रकमेला लागतं. हे सांगणाऱ्या आयकर नियम ३७बीबी ची प्रत छापून जोडली, तरी व्यवहार अडलाच. शेवटी फॉरेक्स विभागातल्या अधिकाऱ्यांशी थेट फोनवर बोलणं झालं आणि त्यांनी दोन मिनिटांत मान्य केलं. शाखेतल्या माणसांना हा व्यवहार वर्षातून एखाद्या वेळी दिसतो, त्यांना बोल लावून उपयोग नाही. पण एवढी निर्यात करणाऱ्या किनाऱ्यावर तालुका पातळीवर हे जाणणारं एकही माणूस नेमलं जात नाही, याचा मला मनापासून राग येतो. आंबा, काजू, मासळी सगळं इथूनच बाहेर जातं.

ए-२ मध्ये पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातात ते सांगणारा कोड, अचूक लिहा. बाहेर जाणाऱ्या पैशांचे कोड 'एस' ने सुरू होतात, आत येणाऱ्यांचे 'पी' ने. करारात कामाचं जे वर्णन असेल तेच बिलावर आणि तेच ए-२ वर हवं. एका ठिकाणी 'भाषांतर' आणि दुसरीकडे 'सल्ला' असं दिसलं की फाइल परत येते. शुल्काबाबतही आधी बोलून ठेवा. 'शेअर्ड' हा पर्याय निवडला तर मधल्या बँका आपलं शुल्क रकमेतून कापतात आणि समोरच्याला बिलापेक्षा कमी मिळतात. आम्ही 'अवर' निवडतो, म्हणजे सगळं शुल्क आमच्याकडे. लहान रकमेला ते जड जातं, म्हणून दोन महिन्यांची कामं एका बिलात घेतो. बाईंनी हे आनंदाने मान्य केलं, कारण बिलाची मुदत करारात लिहिलेली आहे आणि ती आम्ही पाळतो. जर्मनीत मुदत ठरलेली नसली तर साधारणपणे बिल मिळाल्यापासून ३० दिवसांनी देणेकरी थकबाकीदार ठरतो. तिकडचे लोक याबाबत अतिशय काटेकोर आहेत, आणि मला ते आवडतं.

जीएसटी थोडक्यात : परदेशातून सेवा घेतली की रिव्हर्स चार्जने कर आपण भरायचा, आमच्या बाबतीत १८ टक्के आयजीएसटी. तो रोखीने भरून पुढे क्रेडिट मिळतं. पैसे मात्र काही काळ अडकतात, ते हंगामाच्या खर्चात धरून ठेवा.

कराराच्या मसुद्यात एक गोष्ट फार कमी लोक पाहतात. जर्मन कायद्यात लेखकाचा किंवा चित्रकाराचा मूळ हक्क विकताच येत नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात. आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे साध्या छापील मसुद्यावर सही केली, तर जर्मनीत विकायच्या लेबलाचा हक्क भारतापुरताच ठरायचा. आमच्या करारात 'सर्व देशांत, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, एकट्या आमच्याकडे' असं स्पष्ट आहे. वकिलाची फी तिथेच वसूल झाली.

दुकानं फिरणाऱ्या गृहस्थांचा करार वेगळा केला. ते नमुने दाखवतात, कोलोनच्या अनुगा या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनात ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनीच लोकांना भेटून चौकशा गोळा केल्या, पण आमच्या वतीने ऑर्डर पक्की करायचा अधिकार त्यांना नाही. तसा अधिकार दिला आणि ते तो नेहमी वापरू लागले, तर जर्मनीत आपलं 'कायम आस्थापन' आहे असं धरून तिथला कर लागू शकतो. तसंच कामाचे तास ठरवणं, रजा मंजूर करणं, दुसरी कामं घेऊ न देणं यातलं काहीही करू नका. तिथे नावापुरता स्वतंत्र, प्रत्यक्षात नोकर अशी माणसं शोधून त्यांचं सामाजिक विम्याचं देणं मालकाकडून वसूल करतात. आम्ही कामागणिक दर ठरवला आहे : प्रत्येक लेबलाला इतके, प्रत्येक भेटीच्या अहवालाला इतके. दोघांचीही इतर गिऱ्हाइकं आहेत, आणि ते आमच्याही हिताचं आहे.

रोजच्या व्यवहारात वेळेचा त्रास नाही. उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास आपण पुढे. त्यांच्या सकाळी आपली दुपार असते, आणि पावसाळ्यात लाइट गेली तरी तेवढ्या वेळात फोनवरून निरोप जातो. सणांचं मात्र आधी सांगावं लागतं. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते. चतुर्थीच्या आधीपासून इथे कुणी कामावर नसतं, चाकरमानी घरी आलेले असतात, बँकेतही निम्मी माणसं रजेवर. तिकडे ऑगस्ट हाच मोठ्या सुट्ट्यांचा महिना, आणि नाताळच्या मालाची लेबलं मात्र सप्टेंबरात तयार हवीत. आता आम्ही ऑगस्टचं बिल जुलैतच मागवतो आणि लेबलांचा मसुदा नागपंचमीच्या आधी बंद करतो.

वर्षाला दोन-तीन लेबलं आणि चार ईमेल एवढंच काम असेल, तर मात्र हा सगळा खटाटोप करू नका. टॅन (कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक), टीडीएस, २७क्यू, रिव्हर्स चार्ज, सीएची फी हे सगळं कामाच्या मोबदल्याहून जास्त होतं. अशा वेळी आयातदारालाच लेबल करून द्यायला सांगा आणि त्याचा खर्च मालाच्या भावात धरा. आमच्या शेजारच्या आगळ करणाऱ्या महिला गटाला मी हेच सुचवलं. त्यांचा माल वाढला की आमच्याच बाईंकडे त्यांचं काम द्यायचं बोलणं झालं आहे, करार आणि बिल अर्थात त्यांच्या गटाच्या नावाने.