खोक्यावर १८० हर्ट्झ, काचेवर किती? पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

आधी उत्तर देते, मग तपशील. हा मॉनिटर १८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १८० चित्रं, खरोखर देतो. पण खोक्यात आलेल्या केबलवर देत नाही, नुसता जोडून चालू केला की आपोआप देत नाही, आणि हलतं चित्र स्पष्ट दिसावं म्हणून ज्या ‘१ मिलिसेकंद’ची जाहिरात आहे ते सेटिंग लावलं तर चित्र बघवत नाही. हे सगळं कळल्यावरही मी तो परत केला नाही. आजही रोज त्याच्यासमोरच बसते.

मॉनिटर २७ इंची आहे, २५६० बाय १४४० पिक्सेलचा, आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) पॅनेलचा. मागे चित्राची केबल लावायला दोन एचडीएमआय २.० पोर्ट आणि एक डिस्प्लेपोर्ट १.४. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीचे मॉनिटर आज अनेक नावांनी मिळतात आणि खाली लिहिलेली तपासणी त्यातल्या कुणालाही लावता येते. दिवसा मी त्यावर लग्नांचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ कापते, संध्याकाळी धाकटा भाऊ व्हॅलोरंट हा नेमबाजीचा वेगवान गेम खेळतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०.

खोक्यात फक्त एचडीएमआय केबल होती. ती लावली तर विंडोजच्या यादीत सर्वांत वरचा आकडा १४४. यात लपवाछपवी म्हणाल तर एवढीच, की खोक्यावर पुढच्या बाजूला भलामोठा १८० आणि ‘डिस्प्लेपोर्टवर’ हा शब्द मॅन्युअलच्या तळटीपेत. कारण साधं गणिताचं आहे. एचडीएमआय २.० मधून चित्रासाठी सेकंदाला जेमतेम १४.४ गिगाबिट जातात. या रिझोल्यूशनला दर पिक्सेलला २४ बिट धरले, तर सेकंदाला १८० चित्रांचे नुसते दिसणारे पिक्सेलच १५.९ गिगाबिट होतात, शिवाय दोन चित्रांमधली कोरी जागा वेगळी. मावतच नाही. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९ गिगाबिट जातात, तिथे आरामात मावतं. कार्डाचा एचडीएमआय पोर्ट २.१ असला तरी फरक पडत नाही, मॉनिटरचा २.० आहे ना. दोघांत जो जुना, त्याच्या हिशेबानं काम होतं. शेवटी डिस्प्लेपोर्ट केबल वेगळी विकत आणावी लागली. ग्राहक सेवेला विचारलं, तर ‘केबल ग्राहकानं स्वतः घ्यायची आहे’ असं उत्तर आलं. हे मला पटलेलं नाही. ज्या आकड्याचे पैसे घेता, तो दाखवणारी केबल सोबत द्यायलाच हवी.

केबल घेताना एक बघा: प्रमाणित आणि दोन मीटरच्या आतली घ्या. आणि ती ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा, मदरबोर्डच्या नव्हे. लॅपटॉपवाल्यांनी यूएसबी-सी हबमधल्या एचडीएमआयवर फार विसंबू नये. स्वस्त हब बहुधा फोर-के ३० हर्ट्झवरच थांबतात.

केबल बदलली तरी विंडोज ६० वरच सुरू झालं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेनं जाऊन आकडा स्वतः निवडावा लागतो. यादीत १८० ऐवजी १७९.९५ असं काही दिसलं तर घाबरू नका. पिक्सेलचा वेग आणि ओळींची एकूण संख्या यांच्या भागाकारात असा अपूर्णांक उरतो. त्यात फसवणूक नाही.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक इथेच थांबतात: विंडोजमध्ये १८० दिसलं, मॉनिटरच्या मेनूत १८० दिसलं, झालं. पण विंडोज सांगतं ते कार्ड किती चित्रं पाठवतं ते. मॉनिटरचा मेनू सांगतो ते दारात किती आली ते. त्यातली काचेवर किती उमटली, हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. काही मॉनिटर जास्तीचा सिग्नल मुकाट्यानं स्वीकारतात आणि मधली चित्रं गाळतात. मेनूत आकडा मोठा, डोळ्यांना मात्र उलट अडखळतं.

हे पकडायला ब्लर बस्टर्सच्या ‘टेस्ट यूएफओ’ या वेबसाइटवर फ्रेम स्किपिंगची, म्हणजे चित्रं गाळली जातात का याची, चाचणी आहे, फुकट. काळ्या पडद्यावर चौकोनांची जाळी दिसते आणि दर चित्राला पुढचा एक चौकोन पांढरा होतो. फोनचा कॅमेरा प्रो मोडवर घ्यायचा, शटर १/१० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) अगदी खाली, फोन कशाला तरी टेकवून स्थिर ठेवायचा आणि फोटो काढायचा. एक दशांश सेकंदात १८० हर्ट्झवर साधारण अठरा चौकोन उजळले पाहिजेत, एकाला लागून एक, मध्ये फट नको. कडेचे एकदोन चौकोन फिकट येतात, कारण शटर त्यांच्या अर्ध्यावर उघडतं किंवा मिटतं. त्याची काळजी नको. माझ्या फोटोत सलग पट्टी आली. १४४ वर तीच पट्टी चौदा-पंधरा चौकोनांची झाली, म्हणजे आकडाही जुळला. फोटो एकच काढू नका, बरेच काढा. ब्राउझर स्वतःच अडखळला तरी पट्टीत भोक दिसतं आणि बिचाऱ्या मॉनिटरवर आळ येतो. बाकीचे टॅब बंद ठेवा, दुसरा स्क्रीन जोडला असेल तर काढा.

नापास झालेला फोटो कसा दिसतो तेही बघितलं. भावाच्या मित्राकडे ७५ हर्ट्झचा जुना मॉनिटर आहे. त्यानं ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये स्वतःचा आकडा घालून (कस्टम रिझोल्यूशन) तो १०० वर चढवला होता आणि मेनूतही १०० दिसत होते. फोटोत मात्र तीन चौकोन उजळ, एक काळा, पुन्हा तीन उजळ, एक काळा. शंभरातली पंचवीस चित्रं सरळ गाळली जात होती. त्यानं तिथल्या तिथे परत ७५ लावलं आणि गेम पूर्वीपेक्षा गुळगुळीत चालायला लागला.

म्हणजे माझ्या मॉनिटरवर एकशेऐंशीच्या एकशेऐंशी चित्रं उमटतात. पण उमटणं वेगळं आणि पूर्ण उमटणं वेगळं. १८० हर्ट्झवर एका चित्राच्या वाट्याला ५.५६ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात पिक्सेलचा रंग पूर्ण बदलला नाही, तर पुढचं चित्र मागच्याच्या सावलीवर चढतं. यासाठी मेनूत ओव्हरड्राइव्हच्या पायऱ्या असतात, पिक्सेलला जास्तीचा धक्का देणाऱ्या. सर्वांत वरची पायरी लावली की हलत्या वस्तूमागे पांढरट कडा दिसू लागते, कारण धक्का इतका जोराचा असतो की रंग मुक्कामाच्या पुढे जातो. करड्या भिंतीसमोरून पात्र धावलं की त्याच्या पाठीमागे उजळ झालर पळते. मधल्या पायरीवर ती जवळजवळ जाते. मी कायम मधलीच ठेवते. ‘१ मिलिसेकंद’ मिळतं ते तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, उघडझाप करण्याच्या वेगळ्याच मोडमध्ये. त्यात उजेड बराच कमी होतो आणि फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या वेगाशी जुळवून घेणारी सोय) बंद पडतं. दोनदा लावून बघितलं, पुन्हा हात लावला नाही.

महिनोन् महिने वापरल्याशिवाय जे कळलं नसतं ते थंडीत कळलं. आमचं घर नाशिकला, खोली उत्तरेची. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला मॉनिटर लावला की पहिली पंधरा-वीस मिनिटं गडद रंगांमागे शेपूट स्पष्ट दिसायची. मॉनिटर तापला की कमी व्हायची. यात बिघाड काही नाही. लिक्विड क्रिस्टल गारठ्यात घट्टसर होतो आणि वळायला वेळ घेतो. एप्रिलमध्ये ओव्हरड्राइव्हच्या त्याच पायरीवर पुन्हा बघितलं तर शेपूट शोधावी लागली. कुणी थंडीत नवा मॉनिटर लावून लगेच नाराज होत असेल, तर आधी अर्धा तास चालू ठेवावा आणि मग तपासावं.

फ्रीसिंक ४८ ते १८० या पट्ट्यात चालतं आणि एनव्हिडियाच्या कार्डावरही नीट चालतं. फक्त वरची फ्रेम स्किपिंगची तपासणी करताना ते बंद ठेवा. चालू असताना मेनूतला आकडा गेमच्या फ्रेमबरोबर वरखाली होत राहतो आणि ९० दिसलं म्हणून माणूस उगाच मॉनिटरला बोल लावतो. एक उणीव मात्र आहे. ओव्हरड्राइव्ह १८० च्या हिशेबानं बसवलेला आहे, त्यामुळे जड गेममध्ये फ्रेम, म्हणजे चित्रं, सेकंदाला सत्तरपर्यंत घसरल्या की मधल्या पायरीवरही पांढरी कडा डोकावते. अशा गेमसाठी भाऊ एक पायरी खाली येतो.

आता फरक जाणवतो का? ६० वरून १८० ला आलात तर पहिल्या मिनिटाला जाणवतो. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगानं सरकणारी वस्तू आपण नजरेनं पकडली, तर ६० हर्ट्झवर ती सोळा पिक्सेल फरफटलेली दिसते, १८० वर पाच-साडेपाच. मला हे गेमपेक्षा वाचताना जास्त पटलं. लांबलचक मराठी पीडीएफ सरकवताना ६० वर शिरोरेषेचा एक जाड पट्टा होतो आणि खालचे उकार, वरचे रफार त्यात विरघळतात. इथे हळू सरकवताना ओळ वाचता येते, ‘कु’ आणि ‘कृ’ वेगळे दिसतात. सबटायटल तपासताना दिवसभर हेच काम असतं, डोळे पूर्वीसारखे शिणत नाहीत.

पण १४४ आणि १८० मधला फरक फार थोडा आहे, एका चित्रामागे दीड मिलिसेकंदही नाही. मला तो चाचणीत दिसतो, कामात दिसत नाही. भाऊ म्हणतो त्याला जाणवतो, आणि तो खेळतो त्या वेगाला जाणवत असेलही. म्हणून दुकानात १४४ आणि १८० च्या किमतीत दोन-तीन हजारांचा फरक असेल, तर ते पैसे चांगल्या स्टँडवर खर्च करा. माझ्या मॉनिटरच्या स्टँडची उंची बदलत नाही, त्याचा त्रास रोजचा आहे.

ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाल्यावर मॉनिटर गुपचूप ६० वर गेला, असं इथे घडलेलं आहे. माउसचा बाण ओढल्यासारखा वाटला तर आधी सेटिंग बघा. नवीन घेणार असाल तर परतीची मुदत संपायच्या आत, स्वतःच्या संगणकावर, डिस्प्लेपोर्टनं जोडून चौकोनांचा फोटो काढा. पट्टीत ठरावीक अंतरानं भोकं दिसली आणि ब्राउझर बदलूनही ती जागची हलली नाहीत, तर तोच फोटो विक्रेत्याला पाठवा आणि मॉनिटर बदलून मागा.