रोड सायकल ट्यूबलेस केली, त्याला आठ महिने झाले

पुणे-सातारा महामार्गावर दर रविवारी सायकल चालवताना वर्षभरात मला 14 वेळा पंक्चर काढावे लागले. त्यांतली निम्म्याहून अधिक पंक्चरे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटणाऱ्या, केसासारख्या बारीक पोलादी तारांची होती. सायकलवाल्याने ज्या कडेने जायचे, नेमक्या तिथेच त्या तारा साचतात. कंटाळून ऑक्टोबरमध्ये सायकल ट्यूबलेस करायचे ठरवले. दुकानात मजुरीसह 12,000 रुपये सांगितले. घरी केल्यावर 7,700 लागले. त्यात टायरची जोडी 5,800, अर्धा लिटर सीलंट (टायरमधले बारीक भोक आतून बुजवणारा पातळ चीक) 950, दोन व्हॉल्व्ह 500 आणि रिमची टेप 450.

माझ्या सायकलच्या रिमवर मुळातच ‘ट्यूबलेस रेडी’ असे छापलेले होते, म्हणून हा खर्च एवढ्यावर भागला. अशा रिमच्या आतल्या बाजूला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा असतो. तो नसलेल्या जुन्या रिमवर किंवा ट्यूबच्या साध्या टायरवर हा प्रयोग करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. माउंटन बाइकवाले 25-30 पीएसआयला (हवेच्या दाबाचे एकक) असले जुगाड खपवून नेतात, पण रोड सायकलच्या 60-70 पीएसआयला ताणलेली कड चालत्या सायकलवर रिममधून निसटू शकते.

काटकसर मी टेपवर केली आणि तीच अंगाशी आली. पॅकिंगची 90 रुपयांची रुंद टेप ब्लेडने कापून लावली होती. टेपची कड वेडीवाकडी निघाली आणि दहाव्या दिवशी रिमवर साबणाचे पाणी लावले, तर स्पोकच्या भोकांतून बुडबुडे येऊ लागले. टेप उपटली, त्यासोबत 80 मिलि सीलंटही वाया गेले. नंतर आणलेली टेप 21 मिमीची, म्हणजे रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा 2 मिमी जास्त. स्पिरिटने पुसलेल्या रिमवर ती ओढून ताणून दोन वेढे लावली, तेव्हापासून तक्रार नाही. (वरच्या हिशेबात हे वाया गेलेले 90 रुपये धरलेले नाहीत.)

खरी बचत झाली ती कॉम्प्रेसरची. पायाच्या पंपाने टायर रिमवर बसेना. तासभर घाम गाळून चाके उचलली आणि सर्व्हिस रोडवरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. व्हॉल्व्हची आतली सुई काढून त्याने हवेच्या गनचे तोंड थेट नळीवर दाबले, थांबून थांबून तीनचार झोत सोडले, आणि ‘टण्ण, टण्ण’ असे आवाज करत दोन्ही कडा जागेवर बसल्या. त्याने 20 रुपये घेतले. हवा निघून गेली तरी कडा बसलेल्याच राहतात, त्यामुळे घरी येऊन सिरिंजने त्याच नळीतून प्रत्येक चाकात 40 मिलि सीलंट सोडले, सुई परत लावली आणि साध्या पंपाने हवा भरली.

माझे वजन 72 किलो आहे. पूर्वी 25 मिमीच्या टायरमध्ये 95 पीएसआय भरत असे. आता 28 मिमीच्या टायरमध्ये पुढे 62 आणि मागे 67 भरतो. पेव्हर ब्लॉकवर मनगटांना मिळणारा आराम ट्यूबलेसचा किती आणि रुंद टायरचा किती, हे वेगळे काढता येत नाही. हवा मात्र ट्यूबपेक्षा लवकर उतरते, दर दोनतीन दिवसांनी पंप हातात घ्यावाच लागतो.

एप्रिलच्या उन्हाने सीलंट दीड महिन्यातच आटले. सुई काढून आत प्लॅस्टिकचा केबल टाय घातला तर तो कोरडाच बाहेर आला. दर महिन्याला असे तपासणे आणि चिकाने तुंबलेली सुई धुणे ज्याला जमणार नाही, त्याने ट्यूबच वापरावी.

आठ महिन्यांत, सुमारे 3,400 किलोमीटरमध्ये, रस्त्यात दोनदाच थांबलो. खेड शिवापूरजवळ मागच्या चाकातून पांढरी चिळकांडी उडून पोटरी भिजली; भोक खाली येईल असे चाक फिरवून धरले, 40 पीएसआयला गळती थांबली आणि तसाच घरी आलो. दुसऱ्यांदा काचेने टायरची बाजू चिरली. त्यापुढे सीलंटचे काही चालले नाही; बरोबर ठेवलेली ट्यूब घालावी लागली. ती घालण्यापूर्वी टायर आतून बोटाने चाचपला, कारण आत अडकलेले काटे नव्या ट्यूबला लगेच टोचतात. बाभळीची सात टोके निघाली. त्यांतले एकही कधी टोचले, हे मला चालवताना कळले नव्हते.